ताईंचा आकडा

मीटरबाईला त्या यंत्राचा राग येत नव्हता. राग यायलाही अंगात जरा जोर लागतो, आणि तिच्या अंगात सकाळी रबरी बूट चढवण्यापुरताच जोर उरलेला असायचा. ती फक्त यंत्रासमोर उभी राहायची, पेटीचे स्क्रू सैल करायची, आतली काच मऊ फडक्याने पुसायची आणि पुन्हा स्क्रू आवळायची. रोज सकाळी, रोज दुपारी, आणि हल्ली घरी निघण्यापूर्वी आणखी एकदा.

कारखाना तांबं शुद्ध करण्याचा होता. लांबच लांब शेडमध्ये टाक्यांच्या रांगा, टाक्यांत आम्लाचं निळंशार गरम पाणी, आणि त्यात ओळीने लटकवलेले पत्रे. कच्च्या तांब्याचा जाड पत्रा विजेच्या जोरावर विरघळत जायचा आणि समोरच्या पातळ पत्र्यावर शुद्ध तांबं थराथराने चढत जायचं. सगळा खेळ त्या निळ्या पाण्याचा. त्यात तांबं कमी पडलं, तर पत्र्यावर भुकटी चढायची. फार वाढलं, तर पाण्याला ते सोसायचं नाही, आणि पाइपांत, टाक्यांच्या कडांवर, नको तिथे निळे खडे धरायला लागायचे. म्हणून थोडंथोडं पाणी सतत बाजूच्या टाक्यांकडे काढून त्यातलं जास्तीचं तांबं वेगळं करावं लागे. किती काढायचं ते एका आकड्यावर ठरायचं. लिटरमागे तांबं किती ग्रॅम, तो आकडा.

वर्षानुवर्षं तो आकडा ताई काढत आल्या होत्या.

ताई म्हणजे मीटरबाईची थोरली नणंद. कारखान्यात मात्र त्या सगळ्यांच्याच ताई होत्या, साहेबांच्यासुद्धा. बाटलीत पाण्याचा नमुना आला, की ताई पिपेटने त्यातला थेंबभर भाग घेणार, त्यात एकामागून एक औषधं घालणार, मग उंच ब्युरेटमधून हायपो या औषधाचे थेंब सोडत फ्लास्क हलवत राहणार. आधी गढूळ तपकिरी, मग पिवळट, मग स्टार्च पडला की गडद निळं, आणि शेवटी एका थेंबाला तो निळेपणा जाऊन साईसारखं पांढरं. तोवर हायपो किती लागला, त्यावरून आकडा निघायचा; म्हणून तो थेंब ओळखणं हेच सगळं कसब. ताईंचा आकडा आला, की तो दगडावरची रेघ. त्यावर कुणी ब्र काढत नसे.

लग्न होऊन मीटरबाई घरात आली, तेव्हा तिच्या हातात उपकरणांचा डिप्लोमा होता आणि काम नव्हतं. ताईंनी साहेबांकडे शब्द टाकला. "आमच्या भावजयीला घ्या. मीटर सांभाळेल. माझ्या तोंडावर थुंकायची वेळ येणार नाही तुमच्यावर." आणि ती लागली. कारखान्यातले सगळे काटे, घड्याळं, तापमापी तिच्या गळ्यात पडली, आणि त्यातूनच तिचं हे नाव पडलं. स्वतःचं लग्न ताईंनी केलंच नव्हतं. वडील गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनी वाढवलं, शिकवायचा प्रयत्न केला, तो शिकला नाही, तर गाडी चालवायला शिकवून मार्गाला लावलं. आता तो मालाचा ट्रक घेऊन निम्मा आठवडा रस्त्यावर असायचा. कंपनीच्या तीन खोल्यांत उरल्या तिघी: ताई, मीटरबाई आणि सासूबाई. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या वॉकर धरून चालत होत्या. जीभ मात्र कशाचाही आधार न घेता चालायची.

यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हा लॅबमधल्या दुसऱ्या केमिस्टने नोकरी सोडली होती. त्याच्या जागी माणूस घेतलाच नाही. "आता यंत्र येतंय ना," असं वरून उत्तर आलं. यंत्र आलं. मोठ्या पाइपातून एक बारीक नळी काढून त्याच्या पेटीत सोडली, काचेतून पाण्यावर उजेड पाडला, आणि पाणी किती निळं आहे ते मोजून दर दोन-चार मिनिटांनी कंट्रोल रूमच्या पडद्यावर आकडा यायला लागला. ताईंचं काम तेवढंच राहिलं. उलट वाढलं, कारण यंत्र बरोबर सांगतंय की नाही हे बघायला रोज नमुने द्यावे लागत. मीटरबाईचं तर दुप्पट झालं.

सुरुवातीला दोन्ही आकडे जुळत होते. मग यंत्र थोडं जास्त दाखवायला लागलं. एखाद्या ग्रॅमने, मग दीडने.

"काच खराब झाली असेल," साहेब म्हणाले.

तिने काच पुसली. काही फरक नाही.

"मग लॅबशी जुळवून घ्या. ताईंचा आकडा धरा."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांखाली कायम काळं असायचं आणि टेबलावर चहाचे अर्धे प्यालेले कप. याआधी एकदा एक यंत्र आणून फसल्याचं त्यांना चांगलंच आठवत होतं. तेव्हा यंत्रावर विसंबून अख्ख्या रांगेचे पत्रे वाया गेले होते आणि ताईंच्या आकड्यानेच वाचवलं होतं. मीटरबाईने यंत्रात तेवढी वजाबाकी भरली. आता पडद्यावर ताईंचाच आकडा यायला लागला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फरक. पुन्हा वजाबाकी. मग पुन्हा. फरक नेहमी एकाच बाजूचा, यंत्र जास्त आणि ताई कमी. होताहोता वजाबाकी तीन ग्रॅमच्या पुढे गेली.

हे तिला खटकत होतं. काच मळली असती, तर पुसल्यावर फरक पडला असता. दिवा म्हातारा झाला असता, तर आकडा कधी वर, कधी खाली उडाला असता. पण खटकलेल्या गोष्टीपाशी थांबून विचार करायला डोकं रिकामं लागतं. घरी गेलं की सासूबाईंना आंघोळ, मग स्वयंपाक, मग भांडी, मग नवऱ्याचा फोन. फोनवर तो म्हणायचा, "काय गं, बोलत का नाहीस?" आणि ती म्हणायची, "बोलतेय की." तेवढंच बोलणं.

एका सकाळी सासूबाई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. ताई त्यांना मोजे घालून त्या दिवशी लवकरच लॅबला निघून गेल्या होत्या.

"इकडे ये," सासूबाई म्हणाल्या. "माझे पाय बघ."

एका पायात काळा मोजा होता, दुसऱ्यात गडद निळा.

"काल पण असंच. परवा पण. मी काय सर्कशीत कामाला आहे? तुझ्या नणंदेला सांगितलं तर म्हणते, दोन्ही काळेच आहेत. मी म्हातारी, चष्मा माझा जाड, आणि मला दिसतं ते तिला दिसत नाही!"

मीटरबाई हसली आणि मोजा बदलला. हसू ओठांवर होतं, तोवरच हात थांबले. तो निळा मोजा हातात धरून ती खिडकीपाशी गेली. उजेडात तर तो स्वच्छ निळा दिसत होता.

त्या दिवसापासून तिला ज्या गोष्टी बघायच्या नव्हत्या, त्याच दिसायला लागल्या. ताई भरदुपारी लॅबमधला दिवा लावून बसतात. समोरून गाडी आली की डोळे मिटून घेतात. दूध पिवळं आलंय म्हणून दूधवाल्याशी भांडतात. ब्युरेट वाचताना मान आधी पुढे, मग मागे नेतात.

तिने शुद्ध मोरचूद नीट वजन करून पाण्यात विरघळवला. त्यात तांबं किती, हे तिला हिशेबाने पक्कं माहीत होतं. आधी ते पाणी तिने यंत्राला पाजलं, वजाबाकी काढून. यंत्राने बरोबर आकडा सांगितला. वजाबाकी तिने होती तशी परत भरली. मग तेच पाणी तिने रोजच्या बाटलीत भरलं, रोजच्यासारखं लेबल लावलं आणि रोजच्या नमुन्यांबरोबर लॅबच्या खिडकीत ठेवून आली. परत येताना आपण आपल्याच माणसाच्या वाटेत दोरी बांधून आलोय, असं तिला वाटत राहिलं.

दुपारी ताईंचा आकडा आला. तीन ग्रॅमने कमी.

आता तिला कळलं होतं, आणि कळून काही सोपं झालं नव्हतं. साहेबांना सांगावं, तर ताईंच्या मागे त्यांची चुगली केल्यासारखं. न सांगावं, तर पाण्यात तांबं रोज वाढतंय. पडद्यावर दिसत होता त्यापेक्षा खरा आकडा बराच वर होता, आणि खोट्या आकड्यावर विसंबून बाजूच्या टाक्यांकडे जाणारं पाणी जवळजवळ बंद केलेलं होतं. तिने ठरवलं, आधी ताईंनाच सांगायचं.

रविवारी सकाळी दोघी गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. कामाच्या कपड्यांना आम्लाच्या शिंतोड्यांनी पडलेली बारीक भोकं उन्हात चाळणीसारखी दिसत होती.

"ताई, एकदा डोळे दाखवून येऊ या का?"

"कुणाचे?"

"तुमचे."

ताईंनी चिमटा लावला, मग दुसरा लावला. "का?"

"आईंच्या मोज्यांचं... आणि तुम्हाला हल्ली उजेडाचा त्रास होतो ना. मोतीबिंदू असेल. साधी गोष्ट आहे, आजकाल लगेच..."

"मोज्यांसाठी तू मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार?"

मीटरबाई हातातला शर्ट पुन्हा पिळायला लागली. त्यावरूनच ताईंना नको तेवढं स्पष्ट कळलं.

"बोल ना. तुझ्या यंत्राचा आकडा माझ्याशी जुळत नाही, म्हणून मी आंधळी. असंच ना?"

"ताई, मी माहितीतलं पाणी पाठवलं होतं. मंगळवारी. त्यात..."

ताईंनी हातातला ओला टॉवेल बादलीत टाकला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे तू माझी परीक्षा घेतलीस," त्या म्हणाल्या. "मी तुला तिथे नेलं, आणि तू माझी परीक्षा घेतलीस. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. तुझी ती काच बघ जाऊन."

आणि त्या खाली निघून गेल्या. उरलेले कपडे मीटरबाईने एकटीने वाळत घातले.

त्यानंतर घरात अबोला धरला गेला. ताई ठरल्या वेळी उठत, ठरलेली कामं करत, आणि भावजयीशी बोलायचं असेल ते आईमार्फत बोलत.

"तिला सांग, गॅस संपत आलाय."

"सांग कशाला? ती तुझ्या पाठीशीच उभी आहे," सासूबाई म्हणत. "माझं हाड मोडलंय, मी काय टेलिफोन ऑफिस उघडलेलं नाही." पण निरोप द्यायच्या. द्यायच्या आणि वर स्वतःचं दोन आण्याचं तिखटमीठ लावायच्या.

बसने जातानाही दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागल्या. आणि मीटरबाई साहेबांकडे गेली नाही. उद्या जाऊ, म्हणत राहिली. ताईंचा राग जरा निवळू दे, त्या आपणहून डॉक्टरकडे जातील, मग आपोआप सगळं सुटेल. आपोआप काही सुटत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण दमलेल्या माणसाला तेवढीच एक आशा परवडते.

टाक्यांच्या शेडमध्ये खडे धरायला लागले. आधी कडांवर, मग झडपांच्या मानेत. पत्र्यांवर निळसर पापुद्रा बसायला लागला, आणि वीज जास्त लागायला लागली. साहेब म्हणाले, पाणी थंड पडत असेल, म्हणून खडे धरतायत. वाफेचा हीटर उघडून तपासला. तो ठणठणीत निघाला. शेडचा मुकादम होता, काडीसारखा अंगाचा, म्हणून त्याला सगळे पैलवान म्हणायचे. तो आणि त्याची माणसं दिवसभर गरम पाणी ओतून पाइपांतले खडे विरघळवत होती.

"मीटरबाई, तुमचा पडदा काय म्हणतो?" पैलवानाने एकदा जाताजाता विचारलं.

"पंचेचाळीस," ती म्हणाली. तिने स्वतः भरलेली वजाबाकी त्यात होती.

"मग ही निळी बला येते कुठून, देव जाणे," तो म्हणाला आणि बादली उचलून गेला.

दोन दिवसांनी त्याच बलेने एक पाइप पुरता तुंबला. आत दाब वाढत गेला. पैलवान सांध्यापाशी वाकला असतानाच सांधा सुटला. गरम आम्लाचं पाणी त्याच्या मानेवर आणि खांद्यावर उडालं. लोकांनी त्याला ओढत फवाऱ्याखाली नेलं. तो ओरडत नव्हता, नुसता "पाणी सोडा, पाणी सोडा" म्हणत होता. डोळे वाचले. मान आणि खांदा भाजला. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, आणि शेडमधली ती रांग बंद केली.

त्याला उचलताना मीटरबाईच्या शर्टाला निळा डाग लागला होता; तो तिने धुतला नाही. ती तशीच लॅबकडे चालायला लागली. काय बोलायचं हे तिने ठरवलेलं नव्हतं. ठरवायला काही उरलंच नव्हतं.

ताई ओट्यापाशी उभ्या होत्या. बातमी तिथे पोचली होती. त्यांच्यासमोर फ्लास्क तयार होता, स्टार्च घातलेला, गडद. ब्युरेट भरलेली.

"दार लाव," त्या म्हणाल्या. कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदाच थेट बोलत होत्या. "इथे उभी राहा. माझ्या शेजारी. काही बोलू नकोस."

ताई थेंब सोडायला लागल्या. डावा हात तोटीवर, उजव्या हातात फ्लास्क गोल फिरतोय. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात कसे आपोआप चालत होते. एक थेंब, हलवणं, एक थेंब, हलवणं. मग त्या थांबल्या.

"झालं," ताई म्हणाल्या. "आता पांढरं आहे."

मीटरबाई फ्लास्कवर वाकली.

"आहे ना पांढरं?"

फ्लास्कमध्ये निळं होतं. फिकट, जांभळटाकडे झुकलेलं, पण लपणारं नव्हे.

"नाही, ताई."

ताईंनी फ्लास्क खिडकीकडे उचलून धरला. मग दिव्याकडे. मग पांढऱ्या कागदावर ठेवला आणि चष्मा काढून वाकून बघितलं. "अजून निळं आहे?"

"आहे."

त्यांनी आणखी एक थेंब सोडला. "आता?"

"आहे."

"आता?"

"आहे, ताई."

किती थेंब झाले ते दोघींपैकी कुणीच मोजलं नाही. दर थेंबाला ताई विचारत होत्या, आणि दर वेळी तेच उत्तर द्यायचं मीटरबाईच्या जिवावर येत होतं. शेवटी ती म्हणाली, "आता गेलं." ताईंनी तोटी बंद केली. ब्युरेटवरचा आकडासुद्धा त्यांनी तिलाच वाचायला लावला. मग स्टुलावर बसल्या आणि दोन्ही तळवे मांडीवर उपडे ठेवले.

"मला वाटत होतं, चष्म्याचा नंबर वाढलाय," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, हायपो खराब आलाय. मग वाटलं, तुझं यंत्र. बाकी सगळं वाटून झालं. हे सोडून."

"ताई..."

"पैलवानाचे डोळे?"

"वाचले."

"चल," ताई म्हणाल्या आणि उठल्या.

साहेबांच्या खोलीत ताईंनी बसायलाही नकार दिला. "गेल्या दोन-अडीच महिन्यांतले माझे आकडे धरू नका," त्या म्हणाल्या. "मला निळं दिसत नाहीये. यंत्र बरोबर होतं." भावजयीचं त्यांनी नावही काढलं नाही.

मग मीटरबाईला बोलावंच लागलं. "साहेब, मला आधीच कळलं होतं. मी तपासून बघितलं होतं. मी सांगितलं नाही."

साहेबांनी टेबलावरचा कप बाजूला सारला. मग दोन्ही हातांनी चेहरा चोळला.

"मलाही शंका येत होती," ते म्हणाले. "यंत्र सारखं एकाच बाजूला कसं जाईल? पण ताईंना कोण विचारणार? म्हटलं, हीटर बघू. मग म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. "पैलवानाला भेटायला मी जातो संध्याकाळी. तुम्ही पण या."

कुणी कुणाला बोल लावला नाही. बोल लावायलाही थोडी ताकद लागते, आणि त्या खोलीत तिघांकडे मिळून तेवढी नव्हती.

मीटरबाईने यंत्रातली वजाबाकी काढून टाकली. कंट्रोल रूमच्या पडद्यावर आकडा एकदम उडी मारून वर गेला. तिथे बसलेला ऑपरेटर दचकून खुर्चीत सरळ झाला. बाजूच्या टाक्यांकडची झडप पूर्ण उघडली गेली. पाणी ताळ्यावर यायला बरेच दिवस लागले. यंत्र दर दोन-चार मिनिटांनी नवा आकडा सांगत होतं आणि तो केसाकेसाने उतरत होता. खडे मात्र हातानेच फोडावे लागले.

पैलवान दवाखान्यात मानेला पट्टी बांधून बसला होता. ताई त्याच्यापाशी गेल्या आणि जे झालं ते त्यांनी सरळ सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "ताई, तुमचा आकडा चुकेल असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी भांडलो असतो," तो म्हणाला. मग मानेवरची पट्टी चाचपत म्हणाला, "दुखतंय खूप." माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि ताईंनीही तशी अपेक्षा केली नाही. त्या त्याच्या बायकोबरोबर बाहेर बाकावर बसून राहिल्या, अंधार पडेपर्यंत.

आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मीटरबाईने रजा काढली. एकीला वॉकर आणि दुसरीच्या डोळ्यावर पट्टी, अशा दोघींना सांभाळताना तिच्या नाकी नऊ आले. नवरा ट्रक मालकाच्या स्वाधीन करून चार दिवस घरी आला आणि त्याने जमेल तसा स्वयंपाक केला. सासूबाईंनी त्याच्या हातचं जेवून सांगितलं, की आपलं हाड परत मोडलं तरी चालेल, पण हे नको.

पट्टी निघाली त्या दिवशी ताई घरभर फिरल्या. भिंतींचा रंग बघितला, पडद्यांचा बघितला, स्वतःची साडी उलटून पालटून बघितली. खिडकीच्या गजांवरची धूळ बघून कपाळाला हात लावला. मग स्वयंपाकघरात आल्या. मीटरबाई ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. ताई तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या.

"काय झालं?" मीटरबाईने विचारलं.

"तू इतकी दमलेली दिसतेस?" ताई म्हणाल्या. "डोळे किती आत गेलेत. केस पांढरे व्हायला लागलेत कानापाशी. मला कुणी सांगितलं का नाही?"

"मी सांगत होते," बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. "पण माझं ऐकतंय कोण?"

मीटरबाईला काहीतरी हलकंफुलकं बोलून वेळ मारून न्यायची होती. तोंड उघडलं, तर रडू आलं. हातात सुरी तशीच. ताईंनी सुरी काढून घेतली आणि तिला खुर्चीवर ढकललं. उरलेली भाजी त्यांनीच चिरली, हळूहळू, एकेक तुकडा नव्या डोळ्याने न्याहाळत.

दुसरा डोळाही झाला. तोपर्यंत कारखान्याने ठरवलं होतं, की रोजच्या आकड्यासाठी यंत्रच धरायचं. लॅबने आठवड्यातून दोनदा नमुना तपासायचा, यंत्र भरकटत नाही ना, एवढं बघायला. ताईंना निरोप देताना साहेबांना अवघडल्यासारखं झालं; पण ताईंनी स्वतःच सांगितलं, की त्या फक्त ते दोन दिवस येतील. पूर्ण वेळची नोकरी त्यांनी सोडली. सगळ्यांना वाईट वाटलं. मीटरबाईलाही वाटलं. आणि त्याच वेळी, संध्याकाळी घरी गेल्यावर सासूबाईंची आंघोळ झालेली असेल, भांडी घासलेली असतील, या विचाराने तिला जे सुख झालं, त्याची तिला लाज वाटली. ती लाज तिने मनातच ठेवली. सुखही.

यंत्राला काही मोतीबिंदू होणार नव्हता, पण त्याच्या काचेवर रोज पातळ साय धरायचीच. मीटरबाईचं फडकं आणि स्क्रू सुटले नाहीत. सकाळी आणि दुपारी ती पेटीपाशी जायची. पैलवान परत कामावर आला होता. मानेवरची कातडी ताणलेली, गुलाबी. तो आता तिच्याशी कमी बोलायचा. जाताना मात्र पेटीवर बोटाने टकटक करून विचारायचा, "खरं बोलतंय ना?" आणि ती दर वेळी थांबून, नीट बघून उत्तर द्यायची.

एका गुरुवारी तपासणीचा नमुना घेऊन ती लॅबमध्ये गेली. ताई एप्रन घालून तयार होत्या. त्यांनी आकडा काढला. यंत्र म्हणत होतं सेहेचाळीस पॉइंट दोन, ताईंचा आला पंचेचाळीस पॉइंट आठ.

"आता कुणाचं धरायचं?" मीटरबाईने विचारलं.

"कुणाचंच नको," ताई म्हणाल्या. "पुन्हा काढू. बस जरा."

त्यांनी पिपेट धुतली, दुसरा फ्लास्क घेतला आणि खिडकीपाशी उजेडात उभ्या राहिल्या. मीटरबाई स्टुलावर बसली, भिंतीला पाठ टेकली. फ्लास्क ब्युरेटच्या टोकाला घासल्याचा बारीक आवाज येत होता. पाणी तपकिरी झालेलं तिने बघितलं, पिवळट होताना बघितलं. निळं झालेलं तिला दिसलं नाही. तिची मान कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं.

ताईंचा आकडा केव्हाच निघाला होता. त्यांनी तो पाटीवर लिहिला, फ्लास्क आवाज न करता धुऊन पालथा घातला, आणि आकडा घ्यायला आलेल्या माणसाला दारातूनच हाताने थांबवलं.

"दहा मिनिटांनी ये," त्या हळूच म्हणाल्या.